वाढलेले इओसिनोफिल, गूढलिंग रक्तविकार आणि आपला उपशय-विचार

आपल्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात आठवड्यातून एक-दोनदा तरी ‘इओसिनोफिल वाढलेले’ असा शेरा असलेला रक्ततपासणीचा कागद येतो. रुग्णाची शिंका, खोकला, रात्रीचा श्वास, अंगावर पित्त उठणे अशी काही ना काही तक्रार असते. आपण हरिद्राखंड, सितोपलादी, शिरीषाचा एखादा कल्प, कृमींची शंका आल्यास विडंग अशी योजना करतो आणि बहुसंख्य रुग्णांना त्याचा लाभही होतो. आपल्या देशात या पेशी वाढण्याची कारणे बहुतांशी कृमी, असात्म्यता, श्वासरोग किंवा हत्तीरोगाच्या जंतूंशी निगडित असा उष्णकटिबंधातील फुप्फुसविकार हीच असतात. त्यामुळे या चिकित्सेत काही गैर आहे असे मुळीच नाही. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप वेगळा आहे. जो थोडा भाग या बहुसंख्येत बसत नाही, त्याला वेगळा काढण्याची रीत आपण अंगी बाणवलेली नाही. त्या थोड्यांत एक चिरकारी रक्तार्बुद असे आहे की ते वेळेवर ओळखले तर रोज एका गोळीने आटोक्यात येते, आणि न ओळखले तर हृदय कायमचे निकामी करते.

विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत या रुग्णांना ‘हायपरइओसिनोफिलिक सिंड्रोम’ असे मोघम नाव होते. १९७५ साली चुसिड आणि सहकाऱ्यांनी त्याचे निकष घालून दिले: इओसिनोफिलची संख्या दर घनमिलिमीटरला १,५०० हून अधिक, ती सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेली, दुसरे कोणतेही कारण न सापडलेले आणि एखाद्या अवयवाची हानी झालेली. त्याच वेळी तपासलेल्या ५७ रुग्णांच्या आढाव्यात सरासरी आयुर्मर्यादा अवघी नऊ महिने निघाली आणि तीन वर्षे जगणारे केवळ १२ टक्के होते. बहुतेकांचा घात हृदयाने केला. इओसिनोफिलमधील दाहक प्रथिने हृदयाचे अंतःस्तर जाळतात, तेथे गुठळ्या धरतात आणि पुढे तंतुमय काठिण्य येते. स्टेरॉइड, हायड्रॉक्सियुरिया, इंटरफेरॉन असे उपाय होते, परंतु त्यांचा गुण कोणाला येईल हे आधी सांगता येत नसे.

यानंतर जे घडले ते वैद्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावे असे आहे. मे २००१ मध्ये अमेरिकेत इमॅटिनिब या औषधाला चिरकारी मायलॉइड रक्तार्बुदासाठी मान्यता मिळाली. त्या व्याधीचे मूळ ठाऊक होते. १९६० साली नोवेल आणि हंगरफोर्ड यांनी फिलाडेल्फियात एक आखूड गुणसूत्र पाहिले. १९७३ साली जॅनेट राउली यांनी ते नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून झाल्याचे दाखविले. त्या अदलाबदलीतून निर्माण होणारे बीसीआर-एबीएल हे प्रथिन पेशीला अखंड ‘वाढ, वाढ’ असा आदेश देत राहते, आणि इमॅटिनिब नेमके त्या प्रथिनाचे तोंड बंद करते. म्हणजे तेथे आधी हेतू कळला, मग औषध आले. इओसिनोफिलच्या रुग्णांत मात्र क्रम उलटा झाला. काही वैद्यकांनी अन्य सर्व उपाय थकल्यावर अशा रुग्णांना इमॅटिनिब देऊन पाहिले. त्यांतील काहींच्या पेशी थोड्याच दिवसांत सामान्य झाल्या, काहींवर काडीचा परिणाम झाला नाही. ज्यांना उपशय मिळाला त्यांच्यात या औषधाला बळी पडणारे काहीतरी असलेच पाहिजे असा तर्क करून शोध घेतला गेला. २००३ साली कूल्स आणि सहकाऱ्यांनी एफआयपी१एल१-पीडीजीएफआरए ही जोड-जनुकविकृती प्रसिद्ध केली.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या चौथ्या अध्यायात गूढलिंग व्याधी उपशय व अनुपशय यांवरून अनुमानाने जाणावी असे सांगितले आहे. निदानपंचकातील उपशय आपण परीक्षेपुरता पाठ करतो आणि व्यवहारात त्याचा उपयोग ‘गुण आला, म्हणजे निदान बरोबर’ एवढ्या सैल अर्थाने करतो. वर सांगितलेल्या शोधात उपशय हे निदानाचे टोक नव्हते, प्रारंभ होता. गुण आलेल्यांना आणि न आलेल्यांना वेगळे करून ‘का’ हा प्रश्न विचारला गेला. आपल्या संहितेतील सूत्राचा इतका शुद्ध विनियोग आमच्या पिढीने दुसरीकडे क्वचितच पाहिला असेल, आणि तो आपल्या संस्थांत झाला नाही याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

आता ही विकृती कशी असते ते पाहू. चौथ्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरील सुमारे आठ लक्ष अक्षरांचा एक तुकडा गळून पडतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंची जनुके एकमेकांना चिकटतात. पीडीजीएफआरए हे एक वृद्धिप्रेरक ग्राहक प्रथिन आहे. एरवी बाहेरून संदेश आला तरच ते जागे होते, जोड झाल्यावर ते कायमचे जागे राहते. ही गळती इतकी लहान आहे की नेहमीच्या गुणसूत्र तपासणीत ती दिसत नाही; अहवाल ‘सामान्य’ येतो आणि रुग्ण व वैद्य दोघेही निश्चिंत होतात. ती पकडण्यासाठी फिश ही चकाकणाऱ्या खुणांची तपासणी किंवा आरटी-पीसीआर करावी लागते. जे रुग्ण या गटात मोडतात ते जवळजवळ सर्व पुरुष असतात, प्लीहा वाढलेली असते, रक्तातील ब१२ जीवनसत्त्व आणि ट्रिप्टेज यांचे प्रमाण वर गेलेले असते, आणि स्टेरॉइडला ते सहसा दाद देत नाहीत. विकसित देशांतील पाहण्यांत, कारण न सापडलेल्या अतिइओसिनोफिलतेच्या दहा रुग्णांत एखादा किंवा त्याहूनही कमी असे हे प्रमाण आहे. प्रमाण अल्प आहे हे मान्य. परंतु हे जोड-प्रथिन इमॅटिनिबला बीसीआर-एबीएलपेक्षा सुमारे शंभरपट अधिक संवेदनशील आहे. त्यामुळे चिरकारी मायलॉइड रक्तार्बुदात रोज ४०० मिलिग्रॅम लागतात तेथे येथे १०० मिलिग्रॅम बहुधा पुरतात. २००६ साली या विकारासाठीही अमेरिकेत इमॅटिनिबला मान्यता मिळाली आणि २००८ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या गटाला स्वतंत्र स्थान देण्यात आले.

मात्रा चतुर्थांश, म्हणजे खर्चही त्याच मानाने कमी. भारतीय कंपन्यांची इमॅटिनिब स्वस्त आहे आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळल्यानंतर ती तशीच उपलब्ध राहिली, हे औषधी दुकानदार वाचकांना सांगण्याची गरज नाही. म्हणजे या व्याधीत ‘औषध परवडत नाही, म्हणून आयुर्वेदाकडे आलो’ ही अडचण राहिलेली नाही. अडचण निदानाची आहे, आणि ते निदान ज्याच्या दारी रुग्ण प्रथम येतो त्याच्यावर अवलंबून आहे. खेड्यात व निमशहरी भागात तो बहुधा आपणच असतो.

तेव्हा कागद हातात आल्यावर प्रथम टक्केवारीवर विसंबू नये. एकूण श्वेतकण ६,००० आणि इओसिनोफिल १२ टक्के असतील, तर निरपेक्ष संख्या ७२० होते. कृमी-असात्म्यतेच्या मर्यादेत ती सहज बसते. एकूण २४,००० आणि इओसिनोफिल ४० टक्के असतील, तर ती ९,६०० होते. दोन्ही कागदांवर शेरा ‘इओसिनोफिल वाढलेले’ हाच. निरपेक्ष संख्या १,५०० च्या वर असेल तर कृमी, हत्तीरोग, चालू औषधे यांचा विचार करून योग्य ती चिकित्सा द्यावी आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा मोजावे. तेवढ्याने खाली आली नाही, प्लीहा हाताला लागू लागली, पांडुता आली, रक्तबिंबिका घटल्या किंवा श्वास चढू लागला, तर रक्ताचा काचपट्टीवरील नमुना तज्ज्ञाकडून वाचून घ्यावा, ट्रोपोनिन आणि हृदयाची इकोतपासणी करवावी आणि रुग्णाला रक्तविकारतज्ज्ञाकडे धाडावे. हृदय आधीच बाधित असेल तर इमॅटिनिब सुरू करताना काही दिवस स्टेरॉइडचे संरक्षण द्यावे लागते, कारण एकाएकी असंख्य पेशी फुटून हृदयावर ताण आल्याची उदाहरणे आहेत. हे काम आपले नाही. ते रुग्णालयातच व्हावे.

येथे एक जुनी गोष्ट आठवते. १९४३ साली वाइनगार्टन यांनी भारतातील अनुभवावर ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ हे नाव रूढ करणारा लेख लॅन्सेटमध्ये लिहिला, त्या काळी या विकारावर सोमलाचे सेंद्रिय क्षार टोचत असत आणि त्यांचा गुणही येत असे. आपल्याकडे सोमल व हरताळ असलेले समीरपन्नग तमक श्वासात योजले जाते. त्याहीपूर्वी, १८६५ साली, जर्मनीत लिसाउअर यांनी चिरकारी रक्तार्बुदाच्या रुग्णाला फाउलरचे सोमलद्रावण देऊन त्याला काही काळ बरे केल्याची नोंद आहे, आणि पुढे कित्येक दशके ते औषध त्या विकारात वापरले गेले. सोमलाने श्वेतकण उतरतात, हे तेव्हाच दिसले होते. परंतु पेशी उतरणे आणि व्याधी जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. समीरपन्नग देऊन इओसिनोफिल खाली आलेला रुग्ण कृमीचा होता, श्वासाचा होता की रक्तार्बुदाचा, हे त्या उताराने ठरत नाही. उलट मूळ व्याधी दडून राहते आणि हृदयाचा नाश चालू राहतो. आमच्या काही सुहृदांना सोमलाचे नाव निघताच चीनमधील हार्बिन येथील कार्याची आठवण होते. तेथे १९७० च्या दशकात झांग तिंगदोंग आणि सहकाऱ्यांनी सोमलयोगाने रक्तार्बुदाचे रुग्ण बरे केले, आणि २००० साली आर्सेनिक ट्रायऑक्साइडला अमेरिकेतही मान्यता मिळाली. हे सारे खरे आहे. परंतु ते औषध ज्या प्रकारात काम करते तो तीव्र प्रोमायलोसायटिक प्रकार आहे, आणि तेथे ते पीएमएल-आरएआरए या विशिष्ट जोड-प्रथिनालाच नष्ट करते. ती विकृती नसलेल्या रुग्णाला त्या यशाचा दाखला देऊन मल्लकल्प देणे युक्तीत बसत नाही. द्रव्य तेच, व्याधी भिन्न, फळ भिन्न, हे आपल्याला नव्याने शिकावे लागू नये.

इओसिनोफिलवर अधिक लिहिले याचे कारण ते आपल्या नित्याच्या व्यवहारात आहेत. दुर्मीळ चिरकारी रक्तार्बुदांतील इतर दोन प्रकारांचा उल्लेखही आवश्यक आहे. ‘हेअरी सेल’ प्रकारात पेशी वाढण्याऐवजी रक्तातील तिन्ही घटक घटतात आणि प्लीहा मोठी होते. आपल्या नजरेला तो पांडू-प्लीहोदराचा रुग्ण वाटतो, आणि मंडूर, लोह, रोहितक यांची योजना ओघानेच होते. लोहाची न्यूनता नसताना लोह वाढवून काय साधणार? या व्याधीत जवळजवळ सर्व रुग्णांत बीआरएएफ जनुकात एकाच स्थानी बदल आढळतो, हे टिआची आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखविले. क्लॅड्रिबिनचा एकच लहानसा क्रम बहुतेकांना दीर्घकाळ आराम देतो. दुसरा प्रकार चिरकारी न्यूट्रोफिलिक रक्तार्बुद. २०१३ साली त्यात सीएसएफ३आर हे जनुक बदललेले आढळले. तो फार दुर्मीळ आहे आणि त्याची कथा इतकी सुखान्त नाही: रुक्सोलिटिनिबने काहींच्या पेशी उतरतात व प्लीहा लहान होते, परंतु टिकाऊ उपाय अजूनही मज्जा-प्रत्यारोपणच आहे. प्रत्येक विकृतीला गोळी सापडली आहे असा समज करून घेऊ नये, आणि रुग्णालाही करून देऊ नये. इमॅटिनिबच्या बाबतीतही ग्राहक प्रथिनात आणखी एक बदल होऊन औषध निष्प्रभ झाल्याची उदाहरणे आहेत. औषध थांबविल्यास अनेकांत व्याधी पुन्हा डोके वर काढते.

‘जनुकविकृती’ हा शब्द आला की आपल्या लेखांतून आणि व्याख्यानांतून बीज, बीजभाग, बीजभागावयव यांचा दाखला तत्काळ दिला जातो. चरकांच्या शारीरस्थानातील तो विचार विलक्षण आहे यात शंका नाही. परंतु तो मातापित्यांच्या बीजातून अपत्यात येणाऱ्या वैगुण्याविषयी आहे. सुश्रुतांनी आदिबलप्रवृत्त म्हणून जो वर्ग सांगितला त्याविषयी आहे. वर वर्णिलेल्या विकृती जन्मतः नसतात. त्या जन्मानंतर, बहुधा प्रौढ वयात, मज्जेतील एखाद्या मूलपेशीत घडतात आणि तिच्या संततीपुरत्या राहतात. शुक्र-शोणितात त्या नसतात. हा भेद केवळ पांडित्याचा नाही. लग्नाच्या मुलाला हा रोग निघाला की घरातील धाकट्या भावंडांच्या सोयरिकी अडतात, पत्नीला माहेरी धाडले जाते, असे आपण सर्वांनी पाहिले आहे. अशा घरात वैद्याने ‘हा बीजदोष आहे’ असे एक वाक्य उच्चारले तर ते किती जणांना जाळते याचा विचार व्हावा. ज्ञान नसताना केलेली अशी जुळवाजुळव संहितेचा गौरव करीत नाही. व्याधीचे नाव सांगता न आल्यास वैद्याने लाजू नये, असे त्रिशोथीय अध्यायात सांगून चरकांनी आपल्याला त्या मोहापासून आधीच मोकळे केले आहे.

निदान झाल्यावर आपले काम संपत नाही, ते बदलते. इमॅटिनिब घेणाऱ्या रुग्णाला मळमळ, डोळ्यांभोवती शोथ, पोटऱ्यांत वांब, त्वचेवर पुरळ असे उपद्रव होतात, आणि त्यासाठी तो आपल्याकडेच येतो. अग्नी सांभाळणे, पथ्य, निद्रा, मनोबल यांत आपले साहाय्य मोलाचे आहे. मात्र औषध देताना एक गोष्ट कायम ध्यानात असावी. इमॅटिनिब काय किंवा रुक्सोलिटिनिब काय, ही औषधे यकृतातील सीवायपी३ए४ या विकराने मोडली जातात. पिप्पली व मरिचातील पिपेरिन हे असे विकर मंद करते आणि आतड्यातून औषध बाहेर ढकलणारी यंत्रणाही अडवते. निरोगी व्यक्तींत पिपेरिनबरोबर प्रोप्रॅनोलॉल, थिओफिलीन आणि फेनिटॉइनची रक्तातील पातळी वाढल्याचे दिसले आहे. योगवाही म्हणून आपण ज्या गुणाची स्तुती करतो तोच हा गुण. अतिमात्रेने विषार व्हावा असे औषध चालू असताना त्रिकटू, सितोपलादी, च्यवनप्राश हे सहज म्हणून देण्याचे पदार्थ नव्हेत. उलट दिशेचे उदाहरणही आहे: युरोपात मनोविकारांवर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती इमॅटिनिबची पातळी सुमारे एक तृतीयांशाने उतरवते. ग्रेपफ्रूट या औषधांबरोबर वर्ज्य सांगितले आहे. ते फळ आपल्या पपनसाचेच संकरज अपत्य असल्याने पपनसही टाळलेले बरे. आपण लिहून दिलेल्या कल्पांची पूर्ण यादी, घटकांसह, रुग्णाच्या रक्तविकारतज्ज्ञाच्या हाती पडलीच पाहिजे. काही तज्ज्ञ ती न वाचताच बाजूला सारतात आणि रुग्णाला सर्व बंद करायला सांगतात, हा अनुभव कटू आहे. तरीही यादी द्यावी.

औषधी दुकानदार बंधूंना थोडे स्पष्ट बोलण्याची अनुज्ञा असावी. दम्यावरच्या नाव-गाव नसलेल्या पुड्या आजही अनेक गावांत विकल्या जातात. आमच्या भागात अशा पुड्या दोन वर्षे घेणारा एक चाळिशीचा शेतकरी चिकित्सेस आला, तेव्हा चेहरा चंद्राकार सुजलेला, साखर वाढलेली आणि प्लीहा चार बोटे खाली होती. पुडी बंद केल्यावर दहा दिवसांत इओसिनोफिल उसळून वर आले. पुडीत काय होते हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नव्हती. स्टेरॉइडने दोन वर्षे झाकलेला विकार पुढे तपासणीत जोड-जनुकाचाच निघाला. इमॅटिनिबने पेशी आता सामान्य आहेत, परंतु हृदयाच्या झडपेचे जे झाले ते परत येणारे नाही. आपल्याकडे आंतरकृमी इतके आहेत की अशी स्टेरॉइडे आणखी एका मार्गाने जीव घेऊ शकतात: स्ट्राँगिलॉइडिस हा कृमी स्टेरॉइडखाली सर्व शरीरभर पसरतो. अशा पुड्या दुकानातून विकणारा, ‘मी फक्त विकतो, बनवत नाही’ असे म्हणून सुटू शकत नाही. तसेच ‘रक्ताच्या कर्करोगावर रामबाण’ असे फलक दुकानात लावणे हा १९५४ च्या औषध व जादुई उपाय कायद्याखाली गुन्हा आहे. त्या कायद्याच्या यादीत कर्करोग स्पष्टपणे नमूद आहे.

संघटनेपुढे एक व्यवहार्य सूचना ठेवतो. प्रत्येक जिल्हा शाखेने वर्षातून एका मासिक सभेत व्याख्यानाऐवजी काचपट्ट्यांचे वाचन ठेवावे. एखादा स्थानिक विकृतिशास्त्रज्ञ आनंदाने येईल आणि सूक्ष्मदर्शकही आणील. सामान्य रक्त, कृमीचे रक्त, चिरकारी मायलॉइडचे रक्त, हेअरी सेलचे रक्त, असे चार नमुने एका दुपारी पाहून होतात. त्याच सभेत निरपेक्ष इओसिनोफिल संख्या काढण्याचा हिशेब आणि तज्ज्ञाकडे पाठविण्याच्या चिठ्ठीचा एक ठराविक नमुना वाटावा: लक्षणे केव्हापासून, प्लीहा किती, तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन संख्या, दिलेली सर्व औषधे मात्रेसह, आणि ‘पीडीजीएफआरएची फिश तपासणी व्हावी’ अशी एक ओळ. ती ओळ वाचून समोरच्या तज्ज्ञाच्या भुवया उंचावल्या तरी चालतील.